वळचणीचा कप

आमच्या घरात भूत मानत नाहीत.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हाच अंगारे-धुपारे, भगत-बुवा सगळं घराबाहेर गेलं. त्यामुळे ही घटना आमच्याकडे चारचौघांत कोणी काढत नाही. पण ती घडली. जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी आत्या, सत्यभामा. सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्यासमोर कोणी थाप मारली, तर पुढची सुई जरा जोरातच बसायची.

साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. वैशाख. तुमसरहून सिहोऱ्याकडे जाताना नहराच्या पुलाजवळ एक फाटा लागतो, तिथलं हॉटेल.

आणि रात्रीची वाट पाहू नका. भर दुपार होती.

आत्याची नोकरी लाखांदूरला, आणि घर सिहोऱ्याच्या पुढच्या खेड्यात. म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं. लाखांदूर ते भंडारा, भंडारा ते तुमसर, तिथून पुढे. पूर्ण दिवस एसटीत मोडायचा. बाकीच्या बाया अशा प्रवासाला भाकरी बांधून नेत. आत्या नेत नसे. ती गाडी थांबेल तिथे उतरायची आणि हॉटेलात जेवायची. दारातून सरळ आत. मधलं टेबल, पंखा असेल तर पंख्याखाली, पाठ टेकून. भंडाऱ्याच्या स्टँडसमोर तर्री-पोहे. तुमसर रोड स्टेशनाबाहेर आलूबोंडा, वरून लाल रस्सा. ट्रेनिंगला नागपूरला गेली की सावजी मटण, नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर. गावं ती खाण्यावरूनच लक्षात ठेवायची.

आजी, म्हणजे मालनबाई, करवादायची.

"एवढा कायचा शौक वो तुले हाटलाचा? घरी काय उपाशी ठेवून राहिलो तुले?"

"शौक नाई माय," आत्या म्हणायची. "आत बसू देते का नाई, ते पाहून राहिली मी."

असा तिचा स्वभाव. पण साऱ्या जिल्ह्यात एक हॉटेल असं होतं, जिथे ती कधी शिरली नव्हती.

फाट्यावरचं.

लहानपणी ती आजोबांसोबत बैलगाडीत बसून तुमसरच्या मंडीला जायची. आजोबांचं नाव मंगरू. लोकांचं धान ते भाड्याने वाहून न्यायचे. वाटेत बैलांना पाणी दाखवायला गाडी फाट्यावर थांबायची. हॉटेल तेव्हा दादाजी नावाच्या माणसाचं होतं. जाडजूड आणि दम्याचा. एक वाक्य बोलायचं तर मध्ये दोनदा श्वास घ्यायचा. त्याच्याकडचे लाखोरीच्या डाळीचे वडे मात्र असे, की वासानेच बैल थांबतात, असं आजोबा म्हणायचे.

दीक्षा घेऊन आले तरी आजोबांना आत जागा नव्हती. त्या रस्त्यावर चहाचं दुसरं दुकानही नव्हतं.

मागच्या बाजूला, छपराच्या वळचणीत एक कप खोचलेला असायचा. कान तुटलेला, हिरव्या रेघेचा. आमच्या वस्तीतल्या सगळ्यांसाठी तोच. आजोबा तो काढायचे. दादाजी वरून चहा ओतायचा. वडे पळसाच्या पानावर, तेही वरून. आजोबा उकिडवे बसून चहा प्यायचे. वडा तोडून मोठा अर्धा तुकडा आत्याला द्यायचे. मग राखेने कप घासायचे, दगडावर उपडा ठोकायचे, थेंब झाडून परत वळचणीत खोचायचे.

मग आतून दादाजीची हाक यायची.

"धुतला… का… रे?"

आणि आजोबा ओरडून सांगायचे, "धुतला जी!"

तेवढं झालं की गाडी पुढे निघायची.

"बा, आपुन आत काहून नाई बसत?" आत्याने एकदा विचारलं होतं.

"आत गरम होते पोरी. बाहेर कशी हवा लागते."

नोकरी लागली, तेव्हा आत्याने पहिली गोष्ट हीच ठरवली. बापाला त्या हॉटेलात न्यायचं, आत, खुर्चीवर बसवायचं आणि पोटभर वडे खाऊ घालायचे. आजोबा हसायचे. "येईन नं. एवढं धानाचं रोवनं होऊ दे." मग म्हणायचे, "एवढी कापनी होऊ दे." आणि शहात्तरच्या थंडीत एका सकाळी ते उठलेच नाहीत.

त्यानंतर एसटी फाट्यावर आली की आत्या तोंड दुसऱ्या खिडकीकडे करायची.

त्या दिवशी मात्र तिचं काही चाललं नाही. फाट्याजवळ गाडीचं रेडिएटर उकळलं. ड्रायव्हरने गाडी कशीबशी हॉटेलासमोर आणली आणि हात वर केले.

"उतरा जी सारे. दुसरी गाडी येतपर्यंत काही खरं नाई."

लोक भराभर हॉटेलात शिरले. आत्या मोहाच्या झाडाखाली उभी राहिली. नहर कोरडा होता. गरम वारा तोंडावर मारत होता. उभ्या उभ्या तिला चक्कर येऊ लागली आणि मग स्वतःचाच राग आला. सगळ्या जिल्ह्यात आत बसून खाल्लं, आणि या चार भिंतींना भ्यायचं?

तिने पदर खोचला आणि आत गेली. मधल्या टेबलाशी बसली. पाठ टेकून.

गल्ल्यावर दादाजी नव्हता. तो वारला होता, त्याच्या फोटोला हार होता. आता हॉटेल त्याचा मुलगा टेकचंद चालवत होता आणि त्याची बायको बेबीबाई भट्टीशी वडे तळत होती. कोपऱ्यात यादोराव नावाचे एक म्हातारे शेतकरी बसले होते, रोजचे गिऱ्हाईक.

"काय देऊ बाई?" टेकचंदने विचारलं. नीट विचारलं. पाण्याचा गिलासही नीट समोर ठेवला.

"वडे. अन् चहा."

वडे आले. आत्याने एक तोडून तोंडात टाकला. चव तीच होती. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. तिने दुसरा वडाही खाऊन टाकला. बशी रिकामी केली.

तेवढ्यात हॉटेल गप्प झालं…

कोणी गप्प बसा म्हटलं नव्हतं. बेबीबाईने झारा बाजूला ठेवला. यादोरावांनी घास हातातच धरला. एसटीतले लोक एकमेकांकडे बघू लागले.

टेकचंदने किटली उचलली. मागच्या दाराने बाहेर गेला. लगेच परत आला. मागे वळून पाहिलं नाही. दार ओढून घेतलं.

बाहेर कोणीच नव्हतं. दार लागता लागता आत्याने पाहिलं होतं. नुसता दगड, राखेचा ढीग आणि ऊन.

आणि मग…

खर्र… खर्र… खर्र…

कोणीतरी राखेने काहीतरी घासत होतं.

ठक… ठक…

दगडावर काहीतरी उपडं ठोकलं.

वळचण करकरली.

आणि आवाज आला.

"धुतला जी…"

दबका आवाज. पण तो कोणाचा, हे आत्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिचे हात गार पडले. वैशाखात.

हळूहळू हॉटेल पुन्हा बोलू लागलं. आत्याने बेबीबाईला जवळ बोलावलं.

"मांग कोन आहे?"

बेबीबाईने आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "कोनी नाई बाई. तेच त आहे नं."

"कवापासून?"

"मागल्याच्या मांगच्या थंडीपासून. पहिले जुना कप होता मांग. आता आमी तसं काही पाळत नाई जी. तो कप आमच्या यायनं फोडून फेकला. दुसऱ्या दिवशी पाह्यलं त वळचनीत. ओला. नहरात नेऊन टाकला. तरी वळचनीत. रोज दुपारी असंच होते. मंग भगत आनला. तो म्हने, कोनी असन तुमच्या मांग चहा पेनारा. जेथं पेत होता, तेथंच त्याले चहा देत जा. तवापासून रोज ठेवतो."

"कोठं?"

"मांग. बाहेर."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली.

"मेल्यावर बी बाहेरच?"

खरं सांगायचं तर तोपर्यंत ही गोष्ट त्या घरात कोणाच्या मनातच आली नव्हती. नारळ फोडले, लिंबं टांगली, कोंबडं कापलं. पण आत ये, असं म्हणावं, हे त्यांच्यापैकी कोणालाही सुचलं नाही.

आत्या उठली. पुढे कधीतरी तिने मला सांगितलं, की तेव्हा तिला भीती वाटलीच नाही असं नव्हतं. भूत नसतं, हे ती दवाखान्यात रोज बायांना समजावून सांगायची. पण भूत असो की नसो, आपला बाप मरूनही त्या दगडाशी उकिडवा बसलाय, हे तिला सहन होईना.

तिने मागचं दार उघडलं.

दगड ओला होता. त्या उन्हात, जिथे सांडलेलं पाणी डोळ्यांदेखत उडून जायचं.

वळचणीत कप होता. कान तुटलेला. हिरव्या रेघेचा. त्यातून थेंब गळत होते.

"बा," ती म्हणाली. "ऊठ."

कोणी उठलं नाही. पण वारा थांबला. झाडाचं पानही हलेना.

तिने हात वर करून कप काढला आणि घेऊन आत आली.

टेकचंद ओरडलाच. "बाई, तो कप आत नोका आनू!"

"काहून? बाटते का?"

"तसं नाई जी… भगतानं बाहेर ठेवाले सांगतलं…"

"तुमच्या बानं बी हेच सांगतलं होतं."

कोपऱ्यातून यादोराव बोलले. माणूस वाईट नव्हता. घाबरला होता. "पोरी, जेथचं तेथं राहू दे. एकदा का आत येऊन बसला, त उठनार नाई तो."

"मंग बसू द्या," आत्या म्हणाली. "लय वर्सं उकिडवा बसला."

तिने आपल्या समोरची खुर्ची ओढली. कप टेबलावर ठेवला. "चहा टाका यात. अन् एक पलेट वडे. मंगरू गाडीवाल्यासाठी. माहा बाप आहे तो."

टेकचंद जागचा हलला नाही. शेवटी बेबीबाई उठली. तिने चहा आणला. आणि कप टेबलावरच राहू देऊन, खाली वाकून ओतला. वरून नाही. वड्यांची बशीही आणून ठेवली.

"बस बा," आत्या म्हणाली.

काहीच झालं नाही.

मग भट्टीतलं लाकूड तडतडायचं थांबलं. माश्यांची घूं घूं थांबली. एसटीतली एक बाई लेकराला छातीशी धरून बाहेर पळाली.

आणि…

खुर्ची करकरली.

अगदी थोडी. कडेला टेकून बसल्यावर करकरते तशी.

आत्याने नजर हलवली नाही. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "नीट बस. टेकून. पैसे देऊन बसतो आपुन."

खुर्ची पुन्हा करकरली. या वेळी पाठीची पट्टी.

मग आत्या बोलू लागली. काय बोलावं तिला कळत नव्हतं, म्हणून खाण्याबद्दल बोलली. भंडाऱ्याची तर्री कशी असते. नागपुरात ताटात भात कसा वाढतात. गोंदियाची जिलेबी कशी हातभर असते. सगळीकडे मी आत बसून खाल्लं बा, आणि दर वेळी समोरची खुर्ची रिकामी होती. तिने डोळे पुसले.

पुसून पाहते, तर कप रिकामा. तळाला नुसती चहापत्ती.

आणि तिच्या बशीत, जी तिने मघाशीच रिकामी केली होती… अर्धा वडा.

मोठा अर्धा.

आत्याने तो खाल्ला. भूत मानत नव्हती, तरी खाल्ला. गरम होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही.

टेबलावरचा कप हलला.

थोडासा. मग आणखी थोडा. मागच्या दाराच्या दिशेने.

आत्याच्या लक्षात आलं. चहा पिऊन झाला होता. आता धुवायचा होता.

"नाई," ती म्हणाली, आणि कपावर हात ठेवला.

कप ओढला जाऊ लागला. जोराने नाही. रोजचं काम करणारा माणूस जसा मुकाट कामाला लागतो, तसा. आत्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला. तिच्या बोटांना थंड, खरखरीत काहीतरी लागत होतं. राखेने खरबरीत झालेली बोटं तिने लहानपणी रोज धरली होती.

"सोड बा. तू नाई धुवाचा. ज्याचं हाटेल, तो धुईन."

तिने मान वर करून टेकचंदकडे पाहिलं.

सगळेच त्याच्याकडे पाहू लागले. यादोरावसुद्धा. टेकचंदचा चेहरा पांढरा पडला होता. तो बापाच्या फोटोकडे बघे, कपाकडे बघे. त्याला कोणी हात लावून ढकललं असतं तर बरं झालं असतं. कोणी ढकललं नाही. बेबीबाई एवढंच म्हणाली, "उठा जी."

टेकचंद उठला. टेबलाशी आला. आत्याच्या हातांखालून त्याने तो कप उचलला आणि मागच्या दाराने बाहेर गेला.

खर्र… खर्र… खर्र…

ठक… ठक…



मग बाहेरून आवाज आला.

"धुतला… जी…"

खुर्ची करकरली. मोकळी झाली. आत्याच्या कानाजवळून गार हवा गेली. मागच्या दाराने नाही. पुढच्या.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की तो आवाज टेकचंदचा नव्हता.

टेकचंद ओला कप घेऊन दारात उभा होता.

"मी नाई बोललो," तो म्हणाला. "आईशप्पथ, मी तोंड बी नाई उघडलं."

ते सांगायची गरज नव्हती. त्या दोन शब्दांच्या मध्ये कोणीतरी धाप टाकली होती. छातीतून शिट्टी वाजावी तशी. टेकचंदला दमा नव्हता.

यादोरावांनी फोटोकडे पाहिलं आणि ते निघून गेले.

तेवढ्यात दुसरी एसटी आली. आत्याने पैसे दिले आणि गाडीत बसली. खिडकीपाशी. या वेळी तिने तोंड फिरवलं नाही.

हे सगळं मी तिच्याकडून ऐकलं होतं आणि अर्धं हसण्यावारी नेलं होतं. कॉलेजात होतो. शहाऐंशी साली हट्टाने तिला घेऊन त्याच हॉटेलात गेलो. भर दुपारी. मधल्या टेबलाशी बसलो. वडे खरोखर अप्रतिम होते. मी तिला चिडवणारच होतो…

खर्र… खर्र… खर्र…

मागून.

आत चहा पिणाऱ्यांनी माना खाली घातल्या. टेकचंद आता गल्ल्यावर बसून पिकला होता. त्याने डोळे मिटून घेतले.

ठक… ठक…

"धुतला… जी…"

शब्दांमधली ती धाप मी माझ्या कानांनी ऐकली.

टेकचंद उठून आमच्या टेबलाशी आला. हात जोडले. "बाई, आठ वर्सं झाले. रोज धुऊन राहिले आमचे बाबूजी. मी रोज म्हनतो, आत या. माह्या म्हनन्यानं येत नाई. तुमी एकडाव बलावून पाहा. तुमी बलावलं त येतीन."

आत्याने समोरचा वडा संपवला. चहा संपवला. पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, ती बोलावणार. दवाखान्यात वैऱ्याच्याही लेकराच्या उशाशी रात्रभर बसणारी बाई ती.

"धुऊ द्या," ती म्हणाली. "अजून त्याले नीट धुवाले कोठं जमून राहिलं?"

आणि कप तसाच टेबलावर ठेवून उठली.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडलो. पुरे नाही का झालं, म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. "तुह्या आजाले कोनी म्हनलं होतं का, पुरे झालं म्हनून?"

आत्या आता नाही. टेकचंदही नाही. हॉटेल आहे, त्याचा मुलगा चालवतो. त्या रस्त्याने जाणारे सांगतात, की दुपारी अजूनही लोक जरा वेळ गप्प होतात.

आमच्या घरचा म्हणावा असा आता मीच उरलोय. कधी तुमसरला काम निघालं, की मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने जातो. म्हणजे मला त्या मधल्या टेबलाशी बसावं लागत नाही. समोरची खुर्ची ओढून, एकदा "आत या" म्हणावं की नाही, हे ठरवावं लागत नाही.

कोणी विचारलं, तर सांगतो. आमच्या घरात भूत मानत नाहीत.